गोरखचिंचेची खूण

मोंबासाच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना खडकांच्या रांगेबाहेर मासे दाखवायला न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं, हे शेबवाना नाखवाचं उभ्या जन्माचं काम. खडकांत वाट एकच. परतताना किनाऱ्याच्या टोकावरच्या गोरखचिंचेच्या मागे मशिदीचा मिनार धरायचा आणि सरळ आत यायचं. ही खूण त्याच्या आजोबांची. त्या झाडाच्या बुंध्याशी तो न चुकता गुलाबपाणी शिंपायचा.

मग नव्या हॉटेलाच्या खोल्यांतून समुद्र दिसेना म्हणून चिंच तोडली गेली. आमच्या गल्लीत वाईट बातमी कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत. माणूस विचारेपर्यंत थांबतात. नाखवा तेव्हा तापाने पडलेला. त्याच्या मुलीने, म्वानाइशाने, सगळ्यांना बजावलं, "गप्प राहा. बाबा बघतील तेव्हा आपणहून बोलतील."

नाखवा उठला, होडीवर जाऊ लागला. टोकापर्यंत चालवत नाही म्हणून गुलाबपाणी तेवढं राहिलं, पण चिंचेविषयी तो काही बोलला नाही. शेजारणी म्हणाल्या, "काय काळीज आहे गं तुझ्या बापाचं! डोळ्यांत टिपूस नाही." म्वानाइशाला अभिमान वाटला. चांगुलपणाने गप्प बसण्याचा हा आमचा सोस, त्याचा मला मनस्वी राग आहे.

एके दिवशी म्वानाइशा स्वयंपाकाला होडीवरच होती. पाहुणे म्हणजे नैरोबीची न्यांबुरा आणि तिचा नवरा. बाहेर पोहताना न्यांबुराच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा नाखवा हसला. "बाई, तुमच्या गावाला समुद्र नाही म्हणून सगळा आजच पिणार की काय?"

दुपारी दक्षिणेचा कुसी वारा उठला. इतके दिवस समुद्र निवांत होता आणि होडी सवयीनेच आत येत होती. आता पाणी तिला आडवं ओढू लागलं. नाखवाने शीड आवरलं आणि सुकाणू काखेत धरलं.

"आजोबा, या फेसातून वाट कशी सापडते हो?" न्यांबुराने विचारलं.

"त्यात काय? ती गोरखचिंच बघा. तिच्यामागे मिनार धरला की झालं. आजही कशी ऐसपैस उभी आहे!"

म्वानाइशाच्या हातातला डाव नारळीभातातच राहिला. तिने किनाऱ्याकडे पाहिलं. बाबांचं बोट हॉटेलाच्या काळपट भिंतीकडे होतं, वाटेच्या पार डावीकडे. हल्ली दारात ती उभी राहिली की ते "कोण?" म्हणून विचारायचे. पेल्याबाहेर चहा ओतायचे. ताप गेला, अशक्तपणा राहिला, असंच ती समजत होती.

ती घाबरली. तरी परक्यांदेखत बापाला कसं सांगायचं, म्हणून तिची जीभ पुन्हा अडली. तेवढ्यात फेसाचा आवाज अगदी जवळ आला.

"बाबा, उजवीकडे घ्या! ती चिंच नाही. चिंच तोडली त्यांनी, तुम्ही आजारी होता तेव्हाच!"

नाखवाने सुकाणू फिरवलं नाही. रागावलाही नाही. त्याने डोळे चोळले, पुन्हा किनाऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मग इतके दिवस मी काय बघतोय, पोरी?"

म्वानाइशाने सुकाणूकडे झेप घेतली, तोवर होडीच्या तळाला खडक घासला होता.