शरणम्माच्या बाजूची भिंत

पाहुणे मंजुषाच्या घरात शिरले की आधी वर बघत. सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर, असं ते माळवद. मग एखादी बाई म्हणायची, "अगंबाई, किती गार वाटतंय!" हे शब्द भिंतीपलीकडे शरणम्माला स्वच्छ ऐकू येत. दर रविवारी ते तिच्या कानावर नव्यानं पडत, आणि दर रविवारी तिच्या तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपत असे.

शरणम्मा आणि मंजुषा सख्ख्या जावा. जळकोटच्या पुढं चिंचदरा नावाच्या गावात दोघींचं घर एके काळी एकच होतं. थोरल्या रेवणप्पाकडं, म्हणजे शरणम्माच्या नवऱ्याकडं, पूर्वेचं अर्धं आलं. धाकट्या शिवप्पाच्या वाट्याला पश्चिमेचं. मध्ये एक दगडमातीची भिंत. तिच्यातल्या कोनाड्यात दोघी एकच दिवा ठेवत, इतकं सगळं जवळचं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात चिंचदऱ्यात नुसत्या भिंती तडकल्या. पण शरणम्माचं माहेर औशाच्या बाजूला. तिचा धाकटा भाऊ मृत्युंजय गणपती बुडवून थकून आला होता आणि माळवदाखाली गाढ झोपला होता. ती पोचली तेव्हा माणसं खोऱ्यानं माती ओढत होती. लिंगायतांत माणसाला पुरतात. मातीतून काढलेल्या भावाला पुन्हा मातीतच बसवताना ती रडली नाही. परत आली ती घरात पाऊल न टाकता अंगणातच बसली.

"हे वरचं उतरवा," ती रेवणप्पाला म्हणाली. "न्हाईतर मला माहेरी धाडा. आन् माहेर तर ऱ्हायलंच न्हाई."

रेवणप्पानं आपल्या बाजूचं माळवद उतरवलं. बरीच वर्षं त्यांनी पत्र्याखाली काढली, उन्हाळ्यात भाजले, पावसात बहिरे झाले. मग कधीतरी सोयाबीन चांगलं पिकलं आणि डोक्यावर स्लॅब आला. त्या दिवशी जेवायला आलेली मंजुषा छताकडं बघत म्हणाली होती, "अक्का, तुमचं बरं झालं बगा. पावसाळ्याआधी वर चढून माती चोपायची कटकट गेली. आमच्या नशिबी हायच ते गळकं."

ते वाक्य शरणम्मानं कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. पावसाची सर आली की पलीकडं भांडी मांडल्याचा आवाज येई, टप टप थेंब वाजत, आणि शरणम्मा कोरड्या खोलीत कूस बदलून झोपी जाई. आपण वाईट आहोत असं तिला कधी वाटलं नाही. धाकट्या जावेचं छत गळावं आणि आपलं गळू नये, ही तिला देवानं केलेली सरळ वाटणी वाटे.

मग बुशरा मॅडम आल्या.

त्या नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकवत. गावाबाहेरची जुनी बारव बघायला विद्यार्थ्यांना घेऊन आल्या, ती गाळानं आणि काटेरी झुडपांनी भरलेली बघून हळहळल्या, आणि बाकीच्यांसारखं हळहळून निघून गेल्या नाहीत. पुन्हा पुन्हा आल्या. गावानं दोन उन्हाळे खपून गाळ उपसला. खालच्या पायरीला पाणी लागलं, कोनाड्यातल्या मूर्तींना चेहरे आले, डोंगरावरचे मोर सकाळी पाण्यावर उतरू लागले. गावानं समिती केली, नियम केले. गाड्या चिंचेखालीच थांबतील. प्लास्टिकची बाटली गावात येणार नाही. मोरांना दाणे टाकायचे नाहीत. डीजे नाही. पाहुण्यांचं जेवण पळसाच्या पत्रावळीवर, आणि मुक्काम जुन्या घरातच, सिमेंटच्या नाही.

या शेवटच्या नियमामागं चांगला विचार होता. "चार पैसे दिसले की बाहेरचा माणूस येऊन हॉटेल बांधतो," बुशरा मॅडम म्हणाल्या होत्या. "मग गाव त्याचं होतं आणि तुम्ही तिथं भांडी घासता." सगळ्यांनी माना डोलावल्या. शरणम्मानंही. जुनी घरं भूकंपानंतर गावानं आपल्याच हातानं पाडली, हे त्या घडीला कुणाच्या डोक्यात आलं नाही. धड उभं असं एकच माळवद उरलं होतं.

शिवप्पा लातूरला एका क्लासच्या वसतिगृहावर वॉचमन होता. पोरांच्या शिकवणीसाठी खोल्या करून राहिलेले आईबाप त्याला विचारत, एखादा दिवस जावं असं जवळ काही आहे का? तो चिंचदरा सांगे. शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी सकाळी ते येत आणि मंजुषाच्या घरात शिरून वर बघत. मंजुषाची धपाटी, मंजुषाची अंबाडीची भाजी, मंजुषासोबत फोटो. शरणम्माच्या वाट्याला काय, तर बारवेच्या पायऱ्या झाडण्याची पाळी. एका पाहुणीनं तिला खराटा हातात धरून उभं राहायला सांगितलं आणि तिचाही फोटो काढला. तो खराटा तिनं रागारागानं बारवेतच टाकला. मग झाडायची पाळी आपलीच हे आठवून तिलाच उतरून काढावा लागला.

एक गोष्ट मात्र फक्त शरणम्माला माहीत होती. तिच्या बाजूचं माळवद उतरलं आणि नवं घर भिंत सोडून बांधलं, तेव्हापासून मधली भिंत उघडी पडली होती. जी बाजू कधी घराच्या आत होती, ती पाऊस खात होती. शरणम्माच्या बिनछपराच्या न्हाणीमागं, जिथं दुसरं कुणी जात नसे, रेवणप्पाही अंगणातच आंघोळ करी, तिथं त्या भिंतीला पोट आलं होतं. दगड पुढं सरकले होते, सांध्यातली माती निघून गेली होती. मंजुषाच्या बाजूला पांढरी माती, कोनाडे, पाहुण्यांसाठी काढलेली रांगोळीची वेल, सगळं झक्क. रोज आंघोळीला गेली की शरणम्मा त्या फुगवट्याकडं बघे. त्यात एक प्रकारचं समाधान होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सांगितलं तर पुढं काय, तेही तिला दिसत होतं. मॅडम गवंडी आणतील, समिती पैसे घालील, मंजुषाचं घर आणखी देखणं होईल, आणखी लोक येतील. म्हणून मठात समितीची बैठक भरली तेव्हा ती भिंतीबद्दल बोललीच नाही. ती म्हणाली, "माळवदात माणसं झोपवू नका. माझा भाऊ गेलाय त्याच्याखाली."

मग मंजुषा म्हणाली, "अक्का, तुमचा भाऊ गेला त्याचं दुःख मला न्हाई का? पर इतकी वर्सं आम्ही त्याच्याखालीच झोपलो. तवा कवा आला न्हाईत ऊठ म्हणायला. लोकं पैसे देऊन झोपायला लागली, तवा तुमाला भूकंप आठवला व्हय?"

"तिला बारव झाडायची पाळी लागली ना, म्हणून तिळपापड व्हायलाय," म्हातारी मल्लम्मा कोपऱ्यातून बोलली आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

बुशरा मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, तुम्हाला काही दिसलंय का? तडा, ओल, काहीही? सांगा, उद्याच बघून घेऊ."

शरणम्मानं त्यांच्याकडं बघितलं. मग मंजुषाच्या नव्या इरकली लुगड्याकडं बघितलं.

"तसं काय न्हाई," ती म्हणाली. "पर माळवद ते माळवदच."

त्या शनिवारी लातूरहून एक बाई आणि तिची मुलगी आल्या. मुलीचं नाव इकरा. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी चालली होती. आई सांगत होती, "जरा मोकळी हवा मिळावी म्हणून आणलं, तर पुस्तक घेऊनच आली बघा."

रविवारी पहाटे शरणम्मा पाणी तापवायला न्हाणीत गेली. अजून उजाडायचं होतं. भिंतीपलीकडून आवाज येत होता. पोरगी उठून अभ्यासाला बसली होती, आणि पाठीला टेका हवा म्हणून बरोबर त्याच जागी टेकली होती. ती पाठ करत होती. हृदयाचे चार कप्पे, कुठलं रक्त कुठून येतं, कुठं जातं. मधूनच इंग्रजी शब्द, मग पुन्हा पहिल्यापासून. मठात स्वामी मंत्र म्हणतात तसा एकसुरी, झोपाळलेला आवाज.

तेवढ्यात घंगाळाच्या काठावर बारीक माती पडली. थोडी थांबली, पुन्हा पडली. फुगवट्यातला एक दगड खाली झुकला होता, कालपर्यंत तो तसा नव्हता. पलीकडं पोरगी पाठांतराच्या लयीत डुलत असावी. माती त्याच लयीत झरत होती.

शरणम्मानं दोन्ही तळवे त्या दगडाला लावले. भिंत गार होती. मृत्युंजयच्या केसांतली माती तिनं बोटांनी काढली होती, तीही अशीच गार होती.

"ए पोरी!" ती ओरडली. "भिंतीपसनं ऊठ! लांब सरक आधी!"

पाठांतर थांबलं. शरणम्मा ओल्या पायांनी अंगणाला वळसा घालून मंजुषाच्या दारात आली. मंजुषानं दार उघडलं ते डोळे चोळत.

"अक्का, आता पहाटंच भांडायला आलाव? पाहुणे निजल्यात की वो."

"पोरीला आन् तिच्या आईला बाहीर काढ. आन् तू माज्यासंगं चल."

"कशाला?"

"चल म्हणते न्हवं."

जावेच्या न्हाणीत मंजुषा कितीतरी वर्षांनी आली होती. कंदिलाच्या उजेडात तिनं फुगवटा बघितला. पुढं होऊन सांध्यात बोटं घातली, तर बोटं मुठीपर्यंत आत गेली.

"कवापसनं हाय हे?"

"मागच्या पावसाळ्यापसनं."

"आन् मॅडमनं सभेत इचारलं तवा?"

"तवा न्हाई सांगितलं."

"का?"

"का ते तुला ठावं हाय."

मंजुषानं हात बाहेर काढला, मातीनं भरलेला. आता ही आपल्याला मारील असं शरणम्माला वाटलं, आणि मारलं तर चालेल असंही वाटलं. पण मंजुषा एवढंच म्हणाली, "पोरगी टेकून बसली होती वो अक्का." मग दोघींनी मिळून मायलेकींना बाहेर काढलं आणि गाद्या, पाहुण्यांच्या पिशव्या आणि ते जाडजूड पुस्तक अंगणात आणून ठेवलं.

बुशरा मॅडम दुपारीच आल्या. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. बराच वेळ न्हाणीमागं उभ्या राहून म्हणाल्या, "नियम करताना आपण घरं जुनी आहेत का एवढंच बघितलं. उभी कशी आहेत ते कुणी बघितलंच नाही. मीही नाही." पुढं गवंडी आला. त्यानं माळवदावरची निम्मी माती उतरवून वजन हलकं केलं, भिंत पाडून आरपार लांब दगड घालून पुन्हा रचली. त्यासाठी शरणम्माची न्हाणी मोडावी लागली. दर वर्षी घर तपासल्याशिवाय पाहुणा झोपवायचा नाही, असं समितीनं ठरवलं. सिमेंटच्या घरांचं काय, यावर मात्र मठात तीनदा भांडण झालं आणि तीनदा चहा झाला. अजून काही ठरलेलं नाही.

काम चालू होतं तोवर समितीनं तेवढ्यापुरती सूट दिली आणि पाहुणे शरणम्माच्या स्लॅबवर झोपले. तिनं जीव ओतून येसरची आमटी केली. त्यांनी ती बोटं चाटून खाल्ली आणि विचारलं, "ते माळवद कधी उघडणार?"

मंजुषा पंधरवडाभर बोलली नाही. मग एक दिवस येऊन म्हणाली, "अक्का, भित वाळली का बगा तुमच्या बाजूनं."

माळवद उघडलं तो रविवार. पलीकडं गाडीभर माणसं. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, किती गार!" शरणम्मा भाकरी थापत होती. तिच्या हाताखाली पीठ चिरलं.

"जळतंय माझं," ती रेवणप्पाला म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे तिनं उघड बोलून दाखवलं.

रेवणप्पानं ताटावरून मान वर केली. "मग दावलीस कशाला भित? गप बसायचं."

"गप बसले होते की. लई गप बसले होते." तिनं चिरलेली भाकरी मोडून पुन्हा गोळा केला, पाण्याचा हात लावला. "जळनं माझं मी बगून घेते. तेवढ्यासाठी कुणाची पोरगी मातीत जावी, असं न्हाई वाटलं मला."

पलीकडून मंजुषानं हाक मारली. मीठ संपलं होतं, पाहुणे पानावर बसले होते. शरणम्मानं पिठाच्या हातानंच बरणी उचलली. "हिला साधं मीठबी भरून ठेवता येत न्हाई, आन् म्हणं पाहुणे," असं पुटपुटत ती अंगणाकडं निघाली.