ज्वालामुखी कुठून पाहावा

खालच्या वाण्याकडे फोन आला आणि तो जिन्यातूनच ओरडला, "बहनजी, पेणकरपाडा से फोन है, आपके भाई की तबियत…" मी होते तशी भाईंदरहून रिक्षाने निघाले, पण पोचेपर्यंत दादाला खाली जमिनीवर निजवलं होतं. पन्नाशी नुकती उलटली होती हो त्याची! याला आता सहा आठवडे झाले. माझं रडून झालंय. उरलाय तो संताप, आणि तो मी लपवणार नाही.

दादा फोर्टातल्या एका सहल कंपनीत कारकून होता. गिरगावातली खोली सोडून नव्वद साल उजाडायच्या आधी तो इकडे पेणकरपाड्यात आला, तेव्हा इमारतीला पाणी टँकरचं आणि रस्ता चिखलाचा. पण याच्या टेबलावर जगाचे नकाशे! त्याची कंपनी लोकांना परदेशातले ज्वालामुखी दाखवायला न्यायची आणि ते कुठून बघावेत याच्या मराठी चिठ्ठ्या दादा लिहायचा. स्वतः कधी विमानात बसलेला नाही. मग याला कळायचं कसं? सहल परतली की रविवारी हा त्या प्रवाशांच्या घरी जायचा, दादरला, पार्ल्याला, ठाण्याला… आणि पोहे खाता खाता एकच भुणभुण लावायचा, "काकू, नेमक्या कुठे उभ्या होतात? वारा कुठून येत होता? टेकायला कठडा आहे का?" सगळं एका जाड वहीत उतरवून घ्यायचा. दहा घरं फिरून एक चिठ्ठी व्हायची. 'एटना : जवळ जायची घाई नको. ताओर्मिनाच्या जुन्या ग्रीक रंगमंचावर वरच्या पायरीवर बसा, डोंगर आणि समुद्र दोन्ही दिसतात.' 'साकुराजिमा : खाडीच्या अलीकडच्या टेकडीवरून पाहा. राख उडते, चांगली साडी नेसू नका, छत्री उन्हातही घ्या.' चिठ्ठीवर कंपनीचं नाव हे एवढं ठळक. दादाचं कुठेच नाही.

"पुढच्या तुकडीबरोबर तुम्हीच," असं शेठ दरवर्षी म्हणायचे. एकदा जावा बेटावरच्या ब्रोमोसाठी खरंच नाव लागलं. पासपोर्ट झाला, चौकशीला आलेल्या पोलिसाला मालतीवहिनीने चहा पाजला, दादाने हौसेने स्वेटर घेतला. आणि निघायला आठ दिवस असताना ती जागा गेली शेठच्या साडूला! दादा मला म्हणतो कसा, "अगं, त्यांनाही हौस असेल." साडू परत आले ते कुरकुरत. म्हणे धुक्याशिवाय काही दिसलंच नाही, चिठ्ठी चुकीची. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, 'पहाटे समोरच्या टेकडीवर जा. ढग आले तरी हलू नका.' हे महाशय दहा मिनिटांत जीपमध्ये जाऊन बसले होते. आणि माफीचं पत्र कोणी लिहिलं? दादाने! मी तेव्हा ओरडले होते त्याच्यावर, "अरे, गोगलगाय आहेस का तू?" तर हा हसला. "चिडू नकोस गं. पुढच्या चिठ्ठीत 'अर्धा तास थांबा' असं घालतो."

तेराव्याला शेठ आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "सरळ माणूस. पण घरकोंबडा, प्रवासाची हौसच नव्हती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही त्याला नेलंत कधी?" मी विचारलंच. तर आमच्याच माणसांनी मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणे, अशा वेळी बोलू नये! मग कधी बोलायचं? माणसाला जिवंतपणी बोलू दिलं नाही, मेल्यावर त्याच्या बहिणीनेही मूग गिळून बसायचं?

गेल्या शनिवारी कंपनीचा माणूस घरी आला. दादाची ती सगळी माहिती लिहिलेली जाड वही हवी होती. शेठना पुस्तक काढायचंय म्हणे, स्वतःच्या नावावर… आयत्या बिळावर नागोबा! मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी कपाटाकडे गेलीसुद्धा. तिने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. ती वही तिने कधी उघडूनही पाहिली नव्हती, "मला काय कळतंय त्या डोंगरांतलं," म्हणायची. देण्याआधी सहज म्हणून तिने पानं चाळली आणि एका पानावर थांबली. मी मागून डोकावले. ब्रोमोचं पान होतं. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कधी जमलं तर मालतीलाही न्यायचं. तिचे गुडघे दुखतात, शेवटच्या पायऱ्या नकोत. पायथ्यापर्यंत घोडा मिळतो. तिथेच वाळूत दोघांनी बसायचं. तिला दिसेल तेवढंच मीही पाहीन.'

वहिनी तिथेच खाली बसली आणि वही मिटून तिने मांडीवर ठेवली.

"चहा घेऊन जा," ती त्या माणसाला म्हणाली. "वही मिळणार नाही."

"पण… शेठना काय सांगू?"

"सांगा, आत्ता कुठे मी वाचायला घेतलीय."