दहाचं नाणं घेणारा

वारंगा फाट्यावर आपली गाडी आपणच धुवायचं सेंटर आहे. मशीनमध्ये दहाचं नाणं टाकलं की पाइपातून फवारा सुटतो आणि सकाळच्या उन्हात त्यात इंद्रधनुष्य तरंगत राहतं. त्या तुषारांत मला तो जीपवाला दर रविवारी दिसायचा. खांद्यावर रुमाल टाकून आपली काळी-पिवळी जीप धुवायचा. लेकराला न्हाऊ घालताना बोलतात तसं तिच्याशी हळू काहीतरी बोलायचा.

आमच्याकडे दहाचं नाणं कोणी घेत नाही. खरं असलं तरी दुकानदार मान हलवतो. याच्या खिशात मात्र तीच खुळखुळायची.

"तुमी काहून घेता मग?" मी एकदा विचारलं.

"एखादी म्हातारी भाड्यापायी पदराची गाठ सोडून देते, सर. ते परत तिच्याच हातावर कसं ठेवू? हे मशीन घेतंय न्हवं, बराबर हाय."

मागच्या रविवारी मशीन बदललेलं होतं. मालकाचीही ती नाणी बाजारात कोणी घेईना, म्हणून आता फक्त पाचची चालणार होती. त्याने दहाचं टाकलं. ते खणकन खाली आलं. रुमालाला पुसून पुन्हा टाकलं, पुन्हा आलं.

"ह्यालाबी मान्सांचं वारं लागलं," तो हसला आणि जीप तशीच घेऊन गेला.

काल कळमनुरीच्या रस्त्याला ती दिसली. धुळीने इतकी माखलेली, की काळं कुठलं अन् पिवळं कुठलं कळेना. खाली उतरलेली एक म्हातारी पदराची गाठ सोडत होती, आणि त्याने हात पुढे केला होता.