सगळ्यात शेवटी चढणारा

आमच्या हॉस्पिटलमधला एक वयस्कर सुदानी क्लीनर रोज सकाळी माझ्याच ट्रामला असायचा. ट्राम आली की तो दाराशेजारी सरकून उभा राहायचा, सगळ्यांना आत जायची खूण करायचा आणि स्वतः शेवटी चढायचा.

त्याच्या देशातले लोक त्याला 'मुकद्दम' म्हणायचे. तो शब्द कानावर पडला की मला तिडीकच यायची. माझे बाबा मुंबईत रस्ते झाडायचे. त्यांचा मुकादम हात मागे बांधून पुढे चालायचा, आणि बाबा घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एकदा शेजारी जागा मिळाली, तेव्हा न राहवून विचारलं, "तुम्ही कुणाचे मुकादम?"

"फौजेतला हुद्दा तो," काचेला डोकं टेकत तो म्हणाला. "अर्थ सोपा आहे. पुढे ठेवलेला माणूस."

"मग इथे रोज सगळ्यांच्या मागे का?"

त्याने डोळे मिटून घेतले. "पुढे होतो ना, तेव्हा मागचे कमी होत गेले ते कळलंच नाही मला."

आमचा स्टॉप आला. नेहमीसारखी मी आधी उतरले. पण त्या दिवशी थांबले, आणि तो उतरला का ते मागे वळून पाहिलं.