तपासनीस बदलले आणि मी खरं सांगितलं

मंडळी, तुमच्यापैकी कोणी इथे आरोग्यसेवेच्या बिलिंगमध्ये आहे का? मी जर्मनीत रेगेन्सबर्गला, पेशंटच्या घरी जाणाऱ्या नर्सेसची बिलं क्रांकनकासेला, म्हणजे आरोग्य विम्याला पाठवते.

बिलं तपासण्याचं कंत्राट या महिन्यात नव्या फर्मकडे गेलं. मिलेना आमची सगळ्यात जुनी नर्स. दिवसभर जखमांच्या पट्ट्या बदलते आणि भेटींच्या सह्या, ज्या नियमाने त्या-त्या पेशंटच्या घरीच करायच्या असतात, संध्याकाळी गाडीत बसून एकदम करते. जुन्या तपासनिसांना हे माहीत होतं, चालत होतं.

आज नव्या फर्मच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "सही नक्की कधी होते?"

शाळेच्याही आधी बाबांनी घरी शिकवलेलं, विचारलं की खरं सांगायचं. मी सांगितलं.

सह्या जागेवर झाल्या नाहीत, म्हणून मिलेनाच्या सगळ्या भेटी झाल्याच नाहीत असं ठरलं. दुपारी बॉसने तिच्याकडून कंपनीच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

जाताना ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, खरं तेच बोललीस तू. आता उद्या माझ्या पेशंट आजींच्या पायाची पट्टीही तूच बदल."

बाईंनी मात्र माझं कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात उरलेल्या नर्सेसची तपासणी आहे आणि उत्तरं त्यांना माझ्याकडूनच हवी आहेत.

त्याही सगळ्या गाडीतच सह्या करतात. सांगा, काय बोलू?