न वाचायची कादंबरी

माझ्या आत्याला एखादी गोष्ट करू नको म्हटलं, की ती झालीच म्हणून समजा. आजोबा म्हणायचे, हिला विहिरीत उडी मारू नको असं सांगू नका रे, मुद्दाम पोहायला शिकून येईल. आता तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण ही खोड काही गेली नाही.

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवे कपडे ती शिवत नाही. "नवं काय, कुणीही शिवेल," म्हणते. चेन बदलायची, पँट आखूड करायची, पोट सुटलेल्यांचे कोट उसवून सैल करायचे आणि त्या पोटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा तिचा धंदा. दुकानात मधोमध कापड बेतायचं टेबल आहे, दारापेक्षा रुंद. ते आत कसं आलं हे देवच जाणे. त्या टेबलाच्या लोभाने आम्ही दर रविवारी दुपारी तिथे जमायचो.

आम्ही म्हणजे मी, एक वायरमन, पोस्टात काम करणारी एक बाई, जिला आम्ही पोस्टातलीच म्हणतो, पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला आणि तेव्हा संगीत शिकवणारे एक सर. खेळायचो काय? पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. चष्मेवाला सूत्रधार. तो पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे आपले कागद लपवून बसतो आणि सांगतो, "समोर बंद दार आहे. आतून खोकल्याचा आवाज येतोय." आपण काय करणार ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासे सांगतात. मी चोर, पोस्टातली तलवारवाली, वायरमन मांत्रिक. घरातले दिवे गेले तरी हा आधी मंत्र पुटपुटतो, असं त्याची बायको सांगते.

हे सगळं घडतं एका बनवलेल्या जगात. तिथे सदा धुकं, सात बंदरं आणि भांडकुदळ देव. त्या जगाचा एक जाडजूड नियमग्रंथ आहे, नकाशे आहेत. खेळ धडाक्यात खपल्यावर कंपनीने वेगवेगळ्या लेखकांना कामाला लावून त्याच जगातल्या कादंबऱ्या लिहून घेतल्या. पन्नासेक तरी असतील. काही झकास, काही बऱ्या, आणि काही अशा, की लेखकाला गाडी पकडायची घाई असावी. सगळ्याच्या सगळ्या चष्मेवाल्याच्या दुकानातल्या कपाटात, फ्रेमांच्या खोक्यांशेजारी.

आत्या खेळायची नाही. ती कोपऱ्यात हातशिलाई करत ऐकायची. आणि मधूनच, "अगं, छताकडे बघ ना, मूर्ख!" असं मला ओरडायची. चष्मेवाला म्हणायचा, "आत्या, प्रेक्षकांनी बोलायचं नाही." तिला सगळेच आत्या म्हणतात.

मग आमचे पाचवे गडी, संगीत शिकवणारे सर, बदली होऊन गेले. खुर्ची रिकामी झाली. पुढच्या रविवारी आत्याने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली आणि ती सरळ येऊन टेबलाशी उभी राहिली.

"मला बसायचंय," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांचे कपडे आणि लोकांच्या गोष्टी. मला माझं पात्र हवंय." आणि तिचा आवाज थरथरला. आत्याचा आवाज थरथरू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं.

चष्मेवाला मनाचा वाईट नाही, पण शिष्टपणात एक नंबर. शिवाय त्या खुर्चीवर त्याच्या चुलतभावाचा डोळा होता. "बसा की आत्या," तो म्हणाला, "पण त्या जगाची माहिती हवी ना. तीन कादंबऱ्या वाचा महिन्याभरात. नाही जमलं तर माझा चुलतभाऊ तयारच आहे. आणि नियम ठाऊक आहेच तुम्हाला. पुढचं गुपित ज्याला आधी कळलं, त्याची खुर्ची गेली." हा नियम थट्टेचा नव्हता. वायरमनने एकदा पुठ्ठ्यामागे डोकावलं होतं, तर बिचारा अख्खा उन्हाळा बाहेर बसला.

तीन कादंबऱ्या. पण पन्नासातल्या कुठल्या तीन? त्यावरून जी जुंपली, ती विचारू नका. वायरमनचं म्हणणं, छापल्या त्याच क्रमाने वाचायच्या, पहिलीपासून. "मेन स्विच सोडून कुणी थेट पंख्याला हात घालतं का?" पोस्टातलीचं मत अगदी उलट. त्या जगाच्या इतिहासात जे आधी घडलं ते आधी वाचायचं. म्हणजे देव जन्मायच्याही आधीपासून. ती पहिली दोनशे पानं नुसतं धुकं जमतंय. मी म्हटलं, चोरांच्या वाच, मजा येईल. चष्मेवाल्याने हात झटकले, "छे! खऱ्या रसिकाने वाचाव्यात अशा मोजून तीनच," आणि ज्या तीन सांगितल्या त्या एकेक उशीएवढ्या.

आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंही केलं नाही. आधी तिने मुखपृष्ठं बघून एक उचलली, कारण त्यावरच्या राणीचा झगा तिला आवडला. चौथ्या प्रकरणापर्यंत राणी आलीच नाही, आणि हे तीन भागांतलं दुसरं पुस्तक आहे हे नवव्या प्रकरणात कळलं. "फसवलं मेल्यांनी!" आत्या कडाडली. "आणि त्या झग्याला शिवणच नाही. चढवते कशी अंगात?"

मग तिने आपल्या धंद्याची रीत काढली. कपडा चांगला की वाईट हे ती बाहेरून कधीच ठरवत नाही, उलटा करून शिवण बघते. तसं ती पुस्तक बरोब्बर मध्यात उघडायची आणि दोन पानं वाचायची. "पहिलं पान सगळेच इस्त्री करून देतात," ती म्हणाली. "मधे लेखक दमलेला असतो. तिथे कळतं." मधल्या पानांत कुणी बसून तीनशे वर्षांपूर्वीची लढाई समजावत असेल, तर पुस्तक परत. कुणी कुणाशी चपलेवरून भांडत असेल, तर पुस्तक पास. अशी तिने तीन निवडली आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचून काढली.

इथेच थांबली असती तर ती आत्या कसली!

बारीक अक्षरांनी डोळे दुखायला लागले, म्हणून ती नवा चष्मा करायला गेली. सोबत मी. कपाटापुढे उभी राहून ती सहज विचारते, "आणि ती वर आडवी ठेवलीय ती रे?" चष्मेवाला दचकला. पुस्तकाचं नाव 'खाऱ्या वाऱ्याचा रखवालदार'. "ती? ती अगदीच टुकार. कुणी वाचत नाही. तुम्हीही वाचू नका, आत्या. अजिबात वाचू नका."

दोनदा सांगितलं हो त्याने! मी डोक्याला हात लावला. तो चष्म्याला काचा बसवायला आत गेला आणि आत्या स्टुलावर चढली. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसकट. तो बाहेर आला तेव्हा ती शहाण्या मुलीसारखी खुर्चीत बसलेली, मांडीवर फुगलेली पिशवी. त्याने स्वतःच्या हाताने तिच्या नाकावर तो चष्मा बसवला, ज्यातून ती त्याचंच पुस्तक वाचणार होती.

दोन दिवसांनी मी दुकानात गेले, तर आत्या हसून हसून टेबलावर आडवी. टाचण्यांचा डबा सांडलेला.

"अगं, हे तर आपलेच रविवार!" ती म्हणाली. "आपल्याला भेटलेली ती एकडोळी नावाडीण, ती तडा गेलेली घंटा, सगळं या पुस्तकातलं. हा बाबा स्वतःचं म्हणून सांगतो, आणि सगळं उचललेलं!"

मला चष्मेवाल्याचा असा राग आला! किती मिरवायचा, रात्ररात्र जागून रचतो म्हणून. "सांगायचं ना सगळ्यांना?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? मला खुर्ची हवीय, त्याचं नाक नको. आणि पुढे काय होतं ते तुला सांगणार नाही. उगाच तुझीही खुर्ची जायची."

रविवार उजाडला. तीन पुस्तकांवर चष्मेवाल्याने आडवेतिडवे प्रश्न विचारले, आत्याने फाडफाड उत्तरं दिली आणि ती बसली. पात्र घेतलं जहाजांची शिडं शिवणारीचं. पाठ ताठ, हात टेबलावर, गाल लाल. शाळेच्या पहिल्या दिवसासारखी दिसत होती माझी आत्या. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आम्ही वादळातून दीपस्तंभापाशी पोचलो. दार उघडलं. म्हातारा रखवालदार, गोड बोलणारा, एकटा राहणारा. चष्मेवाला रंगात आला होता. पोस्टातलीने विचारलं, आत येऊ का? म्हातारा म्हणाला, या. आणि आत्या, इतकी गुंगलेली, इतकी खूश, की पटकन बोलून गेली, "आणि तुमचा भाऊ वर झोपलाय का हो?"

वायरमनने हातातले फासे खाली ठेवले.

"कुठला भाऊ?" पोस्टातली म्हणाली.

चष्मेवाल्याचे कान लालबुंद. आत्याचा चेहरा पांढराफटक. मेली आता, मी मनात म्हटलं. पुस्तकात काय वाचलं आणि टेबलावर काय सांगितलं गेलं, याची तिच्या डोक्यात खिचडी झाली होती. वायरमन तर अख्खा उन्हाळा विसरला नव्हता. "आत्या," तो हळूच म्हणाला, "पुढचं कुठे वाचलंत?"

चष्मेवाल्याने आडोसा उगाच सरळ केला. बोलला तर आत्याची खुर्ची गेली, पण कुठे वाचलं हेही आलंच, आणि मग त्याची अब्रू गेली.

आत्याने चष्मा नाकावर वर सरकवला. "वाचायला कशाला हवं?" ती म्हणाली. "खुंटीवर दोन कोट आहेत. एकाची बाही लांब, एकाची आखूड. माणूस एक आणि मापं दोन, असं कसं?"

आता खुंटीबद्दल चष्मेवाला एक शब्दही बोलला नव्हता. आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. त्याने आडोशामागच्या कागदांकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं.

"आहेत," तो म्हणाला. "दोन कोट आहेत."

वायरमनने कपाळावर हात मारला, "च्यायला, आपण बघितलंच नाही!"

आत्या पुढे निघालीच. "आखूड बाहीचा खाली काढते. अस्तर फाटलंय. बसून शिवते." पुस्तकात काय होतं ते मी नंतर वाचलं. तिथे भाऊ कुऱ्हाड घेऊन खाली धावतो. पण आपला कोट कुणी शिवत बसलंय, त्याच्यावर कुऱ्हाड कशी उगारायची? चष्मेवाला अडखळला, थांबला आणि त्याने कागद चक्क पालथे घातले. भाऊ जिन्यावर येऊन उभा राहिला. कुऱ्हाड खाली. "माझा कोट," तो म्हणाला, "आईनंतर कुणी शिवला नव्हता." पुढचं सगळं चष्मेवाल्याचं स्वतःचं होतं. धडपडत, घाम पुसत, पण स्वतःचं. पोस्टातली रडली. इतका चांगला खेळ आम्ही कधीच खेळलो नव्हतो.

निघताना तो आत्याच्या चष्म्याची दांडी घट्ट करायच्या निमित्ताने मागे राहिला. "आत्या, ते पुस्तक..."

"कुठलं पुस्तक?" आत्या म्हणाली. "मी आपली तीन वाचली. आणि हे बघ, जुना कोट उसवून नवा करण्यात लाज कसली? माझं पोट त्यावरच चालतं. फक्त घालणाऱ्याचं माप घ्यावं."

आठवड्यात 'रखवालदार' गुपचूप कपाटात वर आडवा झाला. पाठ खिळखिळी होती, ती काळ्या दोऱ्याने बारीक टाक्यांत शिवलेली. असे टाके गावात एकच बाई घालते. चष्मेवाल्याने ते पाहिलंच असणार, कारण पुढच्या रविवारी तो आला तो काखेत आणखी एक पुस्तक घेऊन. पानं लोंबत होती. ते त्याने सगळ्यांसमोर आत्यापुढे सरकवलं.

"ही अगदीच टुकार आहे, आत्या. चुकूनसुद्धा वाचू नका. शिवण तेवढी बघा."

आत्याने चष्मा चढवला आणि पुस्तक बरोब्बर मध्यात उघडलं. "आणि चुलतभावाला कळवलंस का?" मान वर न करता तिने विचारलं.

"काय?"

"खुर्ची भरली म्हणून."

"मागच्याच रविवारी," चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही कोट खाली काढलात ना, तेव्हाच."