एक बोट दार

खंडूभाऊ उजेड बोटांनी मोजायचे. बीडजवळ पालीला, धरणाच्या अलीकडे, त्यांच्या घरामागे कडबा ठेवायची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, आणि पत्र्याच्या फटीही त्यांनी चिंध्या कोंबून बुजवल्या होत्या. कुणी कॅमेरा भाड्याने न्यायला आलं की ते त्याला भर दुपारी त्या खोलीत नेत, दार लावून घेत आणि मग फटीत हात धरून बेताने उघडत. आधी चार बोटं, मग दोन, मग एक. "चार बोटांवर समदेच क्यामेरे शाने असत्यात," ते म्हणायचे. "एक बोटावर कोन टिकतो, ते बगायचं."

मी पहिल्यांदा गेले ती ऐन एप्रिलात. पुण्याला छायाचित्रण शिकून नुकतीच बीडला परतले होते आणि तोंडात आकडे फार होते. अमुक सेन्सरचा आयएसओ इतका, तमुकचा तितका, असं मी पाचेक मिनिटं ऐकवलं. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. मग कॅमेऱ्याला जोडलेला छोटा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाले, "ताई, आकडे ऱ्हाऊ द्या. काय दिसतंय, तेवडं सांगा." घामाने जीव नकोसा झालेला, मानेत कडब्याची कुसळं टोचत होती. मनात म्हटलं, कुठं येऊन पडले मी!

पडद्यावर त्यांची बायको होती. सोजरवहिनी समोर लाकडी खोक्यावर बसल्या होत्या, अंगावर काळी घोंगडी, मागे काळंच कापड. वहिनींचा रंग चांगला गडद, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. हीच खंडूभाऊंची परीक्षा. घोंगडीची वीण दिसली तर कॅमेरा बरा. डोळ्याखालची सुरकुती दिसली तर चांगला. आणि एक बोट दारावर हनुवटीचे तिन्ही ठिपके वेगवेगळे मोजता आले, तरच तो पास. वहिनी या सगळ्यात एक अक्षर बोलत नसत. बसा म्हटलं की बसत, उठा म्हटलं की घोंगडी झटकून भाकरी टाकायला जात.

अंधारात चित्रावर जे रवाळ कण वळवळतात, त्यांना भाऊ 'मुंग्या' म्हणत. मोठा सेन्सर आणि छोटा सेन्सर यांतला फरक मला दोन वर्षं वर्गात बसून जेवढा कळला नव्हता, तेवढा त्यांनी एका वाक्यात सांगितला. "चारच थेंब पडनार आसत्याल तर अंगनात परात मांडताल का वाटी?" कमी उजेडासाठी आतली मांडणीच बदलणारे सेन्सर असतात, त्यांच्याबद्दल म्हणायचे, "ह्याला दोन कान हायेत. एक मोठ्यानं बोललेलं ऐकाया, एक कुजबुज ऐकाया. कुजबुजीच्या कानानं ऐकलं तर मुंग्या कमी येत्यात."

त्या दिवशी रांगेत एक नवाकोरा, महागडा कॅमेरा होता. एक बोट दारावरही त्याचं चित्र गुळगुळीत. मी हरखून म्हटलं, "भाऊ, किती स्वच्छ!" ते म्हणाले, "ठिपके मोजा." मोजायला गेले तर ठिपके नव्हतेच. मुंग्या साफ करण्याच्या नादात त्या कॅमेऱ्याने वहिनींचं गोंदणही पुसलं होतं, सुरकुत्याही पुसल्या होत्या. "मुंग्या चालत्याल, ताई," भाऊ म्हणाले, "पुसलेलं मानूस न्हाई चालनार." मग त्यांनी मला एक जुना, ओबडधोबड कॅमेरा दिला. त्यात मुंग्या होत्या आणि ठिपकेही होते.

भाऊ मूळचे पाटोदा तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी मुंबईला कॅमेऱ्याच्या पेट्या उचलायला गेले, तिथेच कॅमेरा शिकले आणि परत येऊन लग्नांचं चित्रीकरण करू लागले. एकदा पाटोद्याच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे वडील जवळ येऊन म्हणाले, पोरगी जरा उजळ करा. नवरी दोनच हात अंतरावर उभी होती, तिला ऐकू गेलं. भाऊंनी कॅमेरा खाली ठेवला. "पावनं, पोरगी बगून पसंत केलीय ना तुमी? मग आता मला कावून बदलाया लावता?"  त्या घरचं पुढचं एकही लग्न त्यांना मिळालं नाही.

ही गोष्ट ऐकली आणि मी त्यांना माझ्या आईच्या फोटोबद्दल सांगितलं. आमच्या गावच्या विहारात काढलेला, सगळ्या बायकांचा एकत्र फोटो. पांढरी लुगडी लख्ख आली आहेत, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग आणि दात. लहानपणी त्यावरून माझी भावंडं तिला चिडवायची, तीही हसायची. भाऊ हसले नाहीत. "चूक फोटोवाल्याची हाय, ताई. आईची न्हाई," म्हणाले.  एवढी साधी गोष्ट आजवर आमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघाली नव्हती.

तेव्हापासून मी त्यांचीच झाले. लहानसहान काम असो, कॅमेरा पालीहूनच न्यायचा. दर खेपेला ती खोली, ती बोटं, आणि तोच प्रश्न, "काय दिसतंय, सांगा." मला वाटायचं, हा माणूस जातिवंत मास्तर आहे, स्वतः कधी उत्तर देत नाही, आपल्याकडून काढून घेतो. पडदा ते नाकाला लावून बघत, तेही मला मास्तरकीच वाटे. चहाची कपबशी त्यांच्या कोपराने हमखास पडायची, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायाला ते हमखास अडखळायचे. मी त्यांना वेंधळे म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, "धनगराला मोकळं रान लागतं, ताई. घरात आमी असेच." आणि मी हसायचे. आज ते हसू आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग माझा सिनेमा ठरला. परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाडणाऱ्या बायकांवरचा माहितीपट. माझी सख्खी मावशी त्यांच्यात होती. त्यांचं काम झुंजुमुंजू होताना सुरू होतं, ऊन चढायच्या आत अर्धं उरकतं. मोठे दिवे लावले तर बायका अवघडतात, पदर सावरत बसतात. दिव्यांशिवाय, त्या करड्या उजेडात, राखेने माखलेले काळे चेहरे नीट दिसले पाहिजेत, एवढीच माझी अट होती. माझ्या आईचं झालं ते मावशीचं व्हायला नको होतं. चित्रीकरण भाऊंनीच करायचं, हेही ठरलं.

कॅमेरा निवडायला मी गेले. खोलीत तीन कॅमेरे मांडून ठेवले होते. वहिनी घोंगडी घेऊन बसल्या. चार बोटं झाली, दोन झाली. एक बोटावर पहिला नापास झाला, दुसरा काठावर. भाऊंनी तिसऱ्याची तार पडद्याला जोडली, पडदा नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बगा ताई! मुंग्या लई हायेत, पन तिन्ही ठिपके शाबूत. हा पास."

मी पडदा घेतला. त्यावर नुसत्या मुंग्या होत्या. वहिनी नाहीत, घोंगडी नाही, काही नाही. मला वाटलं भाऊ थट्टा करताहेत. मान वर केली तर वहिनी उठल्या होत्या. चाचपडत त्या तिसऱ्या कॅमेऱ्यापाशी आल्या आणि त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं. टक् असा आवाज झाला. भाऊंनी तो आवाज उभा जन्म ऐकला होता. त्यांचा हात दाराच्या फटीतच राहिला. वहिनी परत खोक्यावर जाऊन बसल्या, आणि पडद्यावर त्यांची हनुवटी आली.

 भाऊ तिथेच दाराला टेकून राहिले, आणि मी वहिनींच्या मागोमाग बाहेर गेले. त्या हौदापाशी कपबशा विसळत बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिस मावळला का त्यांना कायबी दिसत न्हाई, ताई. लई वर्सं झाली. सासऱ्याचंबी असंच व्हतं. सांच्याला मेंढराच्या पाठीवर हात ठिवून घरी यायचे. ह्यांना आता दिवसाबी बाजूचं दिसत न्हाई, नळीतून बगितल्यावानी. डाकटर म्हनला, डोळ्याच्या आतला पडदाच वाळत चाललाय, इलाज न्हाई."

"मग कॅमेरे? हे सगळं?"

"क्यामेऱ्याच्या पडद्यावर तेवडं दिसायचं. मी सांच्याला चुलीपुढं बसले का हे क्यामेरा लावून मला बगत बसायचे. म्या म्हनायचे, म्हातारपनी काय ही थेरं! तर म्हनायचे, कोनत्या क्यामेऱ्यातून तू मला जास्ती दिस दिसशील ते बगतोय. म्हनून बसायचे मी त्या खोलीत. मला काय फोटोची हौस हाय व्हय?" त्यांनी कपबशी पालथी घातली. "आता त्या पडद्यावरबी दिसंना झालंय. मला ठावं व्हतं. मातर मला ठावं हाय असं त्यांना कळू दिलं न्हाई."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, त्याहून आधी मला राग आला. मी तशीच खोलीत गेले. "भाऊ, माझ्या मावशीचा सिनेमा आहे हा! मला सांगायचं नाही?"

"सांगितलं आसतं तर तुमी मला क्यामेऱ्याला हात लावू दिला आसता?"

नसता दिला. खरं तेच.  मग ते म्हणाले, "पन खोटं न्हाई बोललो, ताई. मला ठिपके दिसलेच. ती समोर बसलीय म्हनल्यावर मला दिसतीच."

आठवडाभर मी पालीकडे फिरकले नाही. परळीतल्याच दुसऱ्या एका कॅमेरावाल्याला नेऊन पाहिलं. त्याने वीटभट्टीवर पाय ठेवताच दिवे मागितले. मी निमूट पालीला परत गेले आणि भाऊंना म्हटलं, कॅमेरा मी धरते, तुम्ही शेजारी उभे राहा. "आंधळ्याला नेऊन काय करताल?" ते म्हणाले. "प्रश्न विचारा," मी म्हटलं, "तुम्हाला तेवढंच तर येतं." त्यावर ते पहिल्यांदा पोटभर हसले.

परळीला ते माझी बाही धरून उभे राहायचे. मी घाईला आले की म्हणायचे, "थांबा. बाया आजून बोलत्यात. गप झाल्या का सुरू करा, तवा त्या कामात असत्यात." एकदा मावशी साच्यातून वीट काढत होती. चित्र फार काळोखं वाटून मी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायला गेले. भाऊंनी चाकाची करकर ऐकली. "काय दिसतंय, सांगा."

"मावशी. राख. अंधारच जास्त."

"डोळ्याखालची सुरकुती?"

मी नीट पाहिलं. "दिसते."

"मग हात लावू नका. अंधार तिचाच हाय, ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

सिनेमा परळीतल्याच एका सभागृहात दाखवला. भट्टीवरच्या बायका आल्या होत्या, मावशी आली होती. तिने स्वतःचा चेहरा पडद्यावर पाहिला, तोंडावर पदर धरला आणि मग हळूच खाली घेतला. खंडूभाऊ पहिल्या रांगेत, वहिनींच्या शेजारी, ताठ बसले होते. अंधार झाल्यावर मला त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं. "काय दिसतंय, सांग." आणि आयुष्यभर मुकाट बसलेल्या सोजरवहिनी बोलू लागल्या. बाई वाकलीय. हातात साचा हाय. कपाळावर राख हाय, घाम आला तिथं रेघ पडलीय. सिनेमा संपून दिवे लागले तरी त्या बोलतच होत्या, आणि भाऊ माना डोलवत होते.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. तेरावं झाल्यावर मी माझ्याकडे राहिलेला त्यांचा तो पहिला ओबडधोबड कॅमेरा परत करायला पालीला गेले. वहिनींनी चहा केला, आणि मग खोलीकडे चालू लागल्या. मीही मागोमाग गेले. त्या खोक्यावर बसल्या, घोंगडी घेतली. मी सवयीने कॅमेरा मांडला, दार लावलं, फटीत बोट धरलं.

 बाहेर कुठंतरी शेरडं ओरडत होती.

"ताई, दार उघडा," वहिनी म्हणाल्या.

"किती बोटं?" माझ्या तोंडून गेलं.

"समदं. त्यांना दिसावं म्हनून बसत व्हते मी हितं. आता कुनासाठी अंधारात बसू?"

मी दार सताड उघडलं. ऊन आत आलं. वहिनींच्या हनुवटीवरचे तिन्ही ठिपके लख्ख दिसले, आणि ते थरथरत होते.